मिठीच्या वळणावरचं पिंप

मिठी नदीतला गाळ टनांवर मोजतात. डंपर भरला की वजनकाट्यावर जातो, पावती निघते आणि त्या पावतीवर कंत्राटदाराचं बिल निघतं. मी प्रयोगशाळेकडून नमुने घ्यायला जाते, त्यामुळे माझा हिशेब वेगळा असतो. त्या टनांत शिसं किती, जस्त किती, तेल किती, हे मला बघायचं असतं. दोन्ही हिशेब एकाच काठावर चालतात, पण सहसा त्यांची गाठ पडत नाही. कुर्ल्याजवळच्या एका वळणावर, मे महिन्यातल्या एका सकाळी, ती पडली.

माहीमच्या खाडीतून भरतीचं पाणी वर चढतं, म्हणून खालच्या टप्प्यात कामाची वेळ ओहोटी ठरवते. त्या दिवशी उजाडायच्या आधीच पोकलेन पोंटूनवर, म्हणजे तरंगत्या तराफ्यावर, चढवलेलं होतं. पावसाला थोडेच दिवस उरले होते आणि मुकादमाला एकही ओहोटी वाया घालवायची नव्हती. त्याची घाई मला समजत होती. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा हीच नदी घराघरांत शिरली होती. ज्यांनी ते पाणी पाहिलंय त्यांच्यासमोर ‘गाळ काढू नका’ असं कोण म्हणेल? मीही म्हणत नाही.

पण हा गाळ म्हणजे नुसती माती नव्हे. विहार आणि पवईच्या तलावांतून निघालेली ही नदी साकीनाका, कुर्ला, कलिना करत सतरा-अठरा किलोमीटरांत माहीमला पोचते. वाटेत तिच्यात सांडपाणी येतं, गॅरेजांचं तेल येतं, धातूला मुलामा देणाऱ्या छोट्या कारखान्यांचं पाणी येतं, जुनी पिंपं धुतलेलं पाणी येतं. विषारी धातू पाण्यात फार काळ राहत नाहीत. ते बारीक कणांना चिकटतात आणि जिथे प्रवाह मंदावतो तिथे, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला, बसतात. नेमकं तिथेच पोकलेन चालू होतं.

सातच्या सुमाराला बकेट वर आली आणि वास बदलला. मिठीच्या वासाची आम्हाला सवय आहे, पण हा थिनरसारखा होता, डोळ्यांत जाणारा. बकेटच्या दातांत एक चेपलेलं लोखंडी पिंप अडकलं होतं. त्यातून काहीतरी गळत होतं आणि पाण्यावर रंगीत तवंग पसरत होता. त्याच वेळी माझ्या खांद्याचा गॅस मीटर वाजायला लागला. त्याचा इशारा हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूच्या 10 पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत 10 भाग) लावलेला असतो. पोंटूनवरचा हेल्पर म्हणाला, “मॅडम, आता तर वास पण येत नाही.” हे ऐकून मी जास्त घाबरले. हा वायू 100 पीपीएमच्या आसपास गेला की नाक बधिर होतं, आणि वास थांबला म्हणजे धोका टळला असं माणसाला वाटतं. मी हात हलवून ऑपरेटरला मशीन बंद करायला लावलं. सगळे वाऱ्याच्या उलट दिशेला, वरच्या काठावर आले. हेल्परला चक्कर आली होती, त्याला लगेच डॉक्टरकडे पाठवलं. दुपारी तो बरा असल्याचा फोन आला.

मुकादम वैतागला होता. “ताई, पिंप बाजूला काढतो, पण गाळ तो गाळ. गाड्या उभ्या आहेत.”

त्याला मी ताजा ढीग आणि आदल्या दिवशीचा ढीग शेजारी शेजारी दाखवले. ताजा डांबरासारखा काळा होता, कालचा वरून करडा-तपकिरी झालेला. नदीच्या तळाशी प्राणवायू नसतो. तिथे शिसं, जस्त, तांबं, कॅडमियम गंधकाशी बांधलेले असतात, त्यामुळे बऱ्यापैकी गप्प असतात. गाळ काठावर येऊन हवा लागली की ते बंध सुटायला लागतात, आम्ल तयार होतं आणि धातू मोकळे होतात. म्हणजे आपण गाळ उपसतो तेव्हा पूर हटवतो, पण विष हटवतोच असं नाही. काही वेळा ते जागं करून दुसरीकडे नेऊन ठेवतो. काठावर निथळणाऱ्या ढिगाचं पाणी त्या क्षणी परत नदीतच चाललं होतं, हे मुकादमानेही पाहिलं.

मला अशा वेळी अमेरिकेतली हडसन नदी आठवते. तिथे पीसीबी नावाच्या रसायनाने विषारी झालेला गाळ 2009 ते 2015 या काळात काढला, सुमारे 21 लाख घनमीटर. गाळातलं पाणी काढून ते शुद्ध करायला काठावर स्वतंत्र कारखाना उभारला होता आणि कोरडा गाळ रेल्वेने कचरा पुरायच्या परवानाधारक जागेत जात होता. 2009 च्या ऑगस्टमध्ये नदीच्या पाण्यात पीसीबी लिटरमागे 500 नॅनोग्रॅमच्या वर गेलं, तर काही दिवस उपसाच थांबवला. तेवढे पैसे आपल्याकडे नसतील. पण उपसा चालू असताना खालच्या बाजूचं पाणी तपासायला कारखाना लागत नाही.

त्या ओहोटीत पुढे काम झालं नाही. पिंप ओव्हरपॅक ड्रममध्ये, म्हणजे त्याहून मोठ्या घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये, बंद केलं, तवंगाभोवती तेल शोषणारे लांब पट्टे (बूम) टाकले आणि त्या वळणाचा ढीग जाड प्लास्टिकवर घेऊन वरून झाकला. नमुने शिसं पाझरतं का ते बघायला गेले. या चाचणीत लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या वर शिसं निघालं की तो घातक कचरा ठरतो. आमचा ढीग ठरला. तो तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात गेला.

मग मी त्याच वळणावरून आधी गेलेल्या डंपरांच्या पावत्या मागितल्या. वजन होतं, गाडीचा नंबर होता, वेळही होती. गाळ नदीच्या कुठल्या जागेवरचा, हे लिहायला रकानाच नव्हता. त्यामुळे त्या गाड्यांमधला गाळ कुठल्या भरावात पडला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. आता मी जिथे नमुने घेते तिथे पोकलेन उतरायच्या आधी नळी खुपसून तळापर्यंतचा गाळ काढते, आणि जागेचा रकाना पावतीवर छापून घेतल्याशिवाय पहिला डंपर सोडू देत नाही. त्यावरून दर वर्षी भांडण होतं. ते मी करते.