झडीतला ओरेगॅनो

झड लागली आहे. काल रात्रीपासून उघडीप म्हणून नाही. सकाळी उठल्याबरोबर गच्चीवर गेले, चहा नंतर झाला. ओरेगॅनोच्या, म्हणजे पिझ्झावर ज्याची वाळकी पानं भुरभुरतात त्या झाडाच्या, कुंड्या मृगाच्या पहिल्या सरी पडल्या तेव्हाच दाराजवळच्या पत्र्याखाली ओढून घेतल्या होत्या, पण वारा सुटला की तिरपा पाऊस तिथेही पोचतोच. मातीत बोट खुपसून पाहिलं. पहिल्या पेरापर्यंत कोरडं, त्याखाली नुसता गारवा. बरं वाटलं.

नागपूरच्या उन्हात हे झाड टिकणार नाही, असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. माझा अनुभव वेगळा आहे. नवतपात, मेअखेरीच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, पारा 45 च्या वर जातो तेव्हा सकाळचं कोवळं ऊन आणि पुढे दिवसभर हिरव्या जाळीची सावली मिळाली, तर ते तग धरतं. पानं बारीक होतात, कडक होतात, वाढ थांबते, पण मूळ जिवंत राहतं. उन्हाळ्यात त्याला सांभाळावं लागतं ते जास्तीच्या पाण्यापासूनच. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी तर मी कुठल्याच कुंडीत घालत नाही. पाणी हवेत उडून जातं आणि क्षार टाकीत साठत राहतात.

खरी परीक्षा आत्ता आहे, जुलै-ऑगस्टची. हे झाड मूळचं भूमध्य समुद्राकडच्या खडकाळ उतारांवरचं. तिथे पाऊस पडतो हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठाक. आपल्याकडे सगळं उलट, वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये आणि तोही उबदार, दमट हवेत. माती सतत चिंब राहिली की मुळांना हवा मिळत नाही आणि सड सुरू होते. बुडाकडची पानं आधी पिवळी पडतात, मग काळी, आणि देठ बोटाला मऊ लागला की ती फांदी गेलीच समजायची. म्हणून आपली काळी माती, जी कापसाला इतकी मानवते, ती या कुंडीत मी जवळजवळ घालतच नाही. निम्मी कन्हान नदीची जाडी रेती, बाकी साधी माती आणि मूठभर जुनं शेणखत. खत जास्त झालं तर झाड फोफावतं, पण पानाला वास राहत नाही. मला हिरवागार डोलारा नको, वास हवा.

त्या वासाचं मला फार अप्रूप आहे. आज एक पान तोडून खिडकीच्या उजेडात धरलं. पाठीवर बारीक बारीक ठिपके दिसले, तेलाच्या ग्रंथींचे. चुरगळलं आणि तो तिखट, उबदार वास बोटांना लागला. त्यात मुख्य असतात तेलातली दोन वासाची द्रव्यं, कार्व्हॅक्रॉल आणि थायमॉल. यातलं थायमॉल आपल्या ओव्यातही भरपूर असतं. म्हणून शेजारच्या काकूंनी पहिल्यांदा वास घेतला तेव्हा त्या लगेच म्हणाल्या, "काऊन वं, हे ओव्याचं झाड व्हय का? वास तं तसाच येऊन राह्यला."

काकूंकडे पानओवा आहे, जाड, लव असलेल्या पानांचा, ज्याची त्या भजी करतात. गंमत म्हणजे पानओवा आणि ओरेगॅनो दोन्ही तुळशीच्या कुळातले, आणि ज्याच्या दाण्यांचा वास दोघांना लागतो तो ओवा मात्र कोथिंबिरीच्या कुळातला. ओरेगॅनोची सख्खी बहीण शोधायची तर गजऱ्यातला मरवा. हे सांगितल्यावर काकूंनी पान पुन्हा हुंगून पाहिलं आणि मान हलवली.

दुपारी पाऊस जरा कमी झाला तेव्हा छाटणी केली. आतल्या गर्दीतून वारा खेळायला हवा, म्हणून तळाच्या जमिनीला टेकलेल्या फांद्या काढून टाकल्या, वरचे शेंडे खुडले. चांगल्या शेंड्यांची खालची पानं काढून ते ओल्या रेतीत खोचले. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतील. पावसाळ्यात मोठं झाड दगावलंच तर हाताशी काहीतरी असावं. बियांपेक्षा मला फांदीच बरी वाटते, कारण बियांपासून आलेल्या रोपांचा वास सारखा नसतो. बी लावायचंच तर दिवाळीच्या आसपास, आणि ते इतकं बारीक असतं की मातीवर नुसतं दाबायचं, झाकायचं नाही. त्याला उजेड लागतो.

या दिवसांत वाळवण करण्यात अर्थ नाही. ते फेब्रुवारीत, कळ्या धरतात पण फुलत नाहीत तेव्हा. पानात तेल तेव्हाच सगळ्यात जास्त असतं, आणि नागपूरच्या कोरड्या हवेत सावलीतच जुड्या खडखडीत वाळतात. त्याच वाळवणाच्या बरणीतली चिमूटभर आज टमाटरच्या चटणीत टाकली, लसूण आणि लाल मिरचीबरोबर. भाकरीशी छान लागली. काकूंकडे वाटीभर पाठवली, तर वाटीबरोबर निरोप आला, एक फांदी मलेही पाहिजे.

पोळ्यापर्यंत त्यांच्यासाठीचं रोप तयार होईल. त्यांच्या अंगणात ऊन चांगलं आहे, पण छताच्या पन्हाळीचं पाणी कोपऱ्यात नेमकं कुंड्यांवरच पडतं. उद्या जाऊन आधी जागा पाहून येते.