जुना थिंकपॅड घेताना

कंपन्यांचे लॅपटॉप तीन-चार वर्षांनी लीजवरून परत येतात आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात पोहोचतात. त्यातला लेनोवोचा थिंकपॅड टी४८० अजूनही पैसे वसूल करतो. त्याच्या आधीचा टी४७० स्वस्त मिळेल, पण सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स वापरणार असाल तर गोष्ट वेगळी.

दुकानात लॅपटॉप सुरू होताना आधी एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये जा. तिथे सुपरवायझर पासवर्ड मागितला तर मशीन तिथेच ठेवा. आतला छोटा सेल काढून तो पासवर्ड पुसला जात नाही, दुकानदार काहीही सांगो.

मग बॅटरी. टी४८० मध्ये दोन असतात, एक आत, एक बाहेर. विंडोजच्या बॅटरी रिपोर्टमध्ये दोन्हींची मूळ क्षमता आणि आताची फुल चार्ज क्षमता शेजारी दिसते. २४ वॉट-अवरची बॅटरी १४ वर आली असेल, तर नव्या बॅटरीची किंमत भावातून वजा करायला लावा.

टाइप-सी पोर्ट हलवून बघा, चार्जिंग तुटता कामा नये. थंडरबोल्टच्या (टाइप-सी पोर्टमधल्या वेगवान जोडणीच्या) जुन्या फर्मवेअरमुळे, म्हणजे चिपमधल्या सॉफ्टवेअरमुळे, या मॉडेलचे हे पोर्ट बंद पडायचे. घरी आल्यावर पहिलं काम त्याचं अपडेट. रॅमचे दोन स्लॉट आहेत, त्यामुळे ८ जीबीचं मशीन घेऊन नंतर वाढवता येतं. टी४८०एस मध्ये मात्र थोडी रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, स्लॉट एकच.

आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. नुसत्या शिक्क्याच्या वॉरंटीला काही अर्थ नाही.