दोन हजार खुर्च्या, दीडशे प्रेक्षक

नागपूरच्या रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह महापालिकेचं. 2017 मध्ये उघडलं, खुर्च्या सुमारे दोन हजार. ऑर्केस्ट्रा, मोठ्या नावांची व्यावसायिक नाटकं, शाळांची स्नेहसंमेलनं यांना ते शोभून दिसतं. पण हौशी संस्थेच्या दोन पात्री नाटकाला दीडशे माणसं आली तरी गर्दी झाली म्हणतात. ती दीडशे माणसं एवढ्या मोठ्या हॉलमध्ये विखरून बसतात. आवाज माइकशिवाय मागे पोचत नाही आणि माइक लावला की कुजबुजायचं वाक्यही घोषणेसारखं ऐकू येतं.

शहराचं सांस्कृतिक धोरण म्हटलं की महोत्सव आणि शाल-श्रीफळ आठवतं. खरं धोरण हॉलच्या दरपत्रकात, तारखांच्या रजिस्टरात आणि अर्थसंकल्पातल्या लेखाशीर्षात, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या खात्यात, असतं.

कायद्यापासून पाहू. 74 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे शहरी स्थानिक संस्थांकडे सोपवता येणाऱ्या विषयांच्या यादीत, 13 वा विषय सांस्कृतिक बाबींना चालना देण्याचा आहे. पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात दिवाबत्ती, गटारं, अग्निशमन ही कलम 63 ची बंधनकारक कामं, तर नाट्यगृह आणि सार्वजनिक करमणूक कलम 66 मध्ये, म्हणजे ऐच्छिक. पैसे उरले तर करा, असा त्याचा व्यवहारातला अर्थ.

तरीही इमारती उभ्या राहतात, कारण इमारत हा भांडवली खर्च. त्याचं भूमिपूजन होतं, उद्‌घाटन होतं, कोनशिला बसते. दिव्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारा डिमर बंद पडला, पडद्याची दोरी तुटली, एसीचा कॉम्प्रेसर गेला की ते महसुली खर्चात येतं आणि तिथे आधीच पगार, वीजबिल, घनकचरा रांगेत असतात. हॉलचं भाडं हॉलच्या हातात राहत नाही, ते महापालिका निधीत जातं. म्हणून कोणत्याही नव्या सभागृहाच्या प्रस्तावात पहिला प्रश्न असावा तो देखभालीच्या स्वतंत्र लेखाशीर्षाचा. बांधकामाच्या खर्चाच्या तीन-चार टक्के दरवर्षी बाजूला ठेवले नाहीत, तर पाचव्या-सहाव्या वर्षी त्या हॉलला अवकळा येते.

आता दरपत्रक. बहुतेक सरकारी हॉल सत्रांवर भाडं लावतात. संध्याकाळचं सत्र पाचला सुरू आणि प्रयोग सातचा असेल तर नेपथ्य लावून प्रकाश फोकस करायला दोन तास मिळतात. साध्या बॉक्स सेटलाही (तीन भिंतींच्या खोलीच्या नेपथ्यालाही) चार तास लागतात. मग संस्था दुपारचं सत्रही पूर्ण दराने घेते, नाहीतर भिंतीऐवजी काळा पडदा टांगून भागवते. उपाय स्वस्त आहे. मांडणीचं आणि रंगीत तालमीचं सत्र पाव दराने द्यावं, तेही एसीशिवाय. प्रायोगिक नाटकाला ठोक भाड्याऐवजी तिकीटविक्रीच्या दहा टक्के किंवा ठरलेली किमान रक्कम, यातली जी जास्त ती घ्यावी. अनामत किती दिवसांत परत, हे आकड्यात लिहावं. ‘प्रशासनाला गरज भासल्यास आरक्षण रद्द’ या कलमापुढे ‘किमान 30 दिवस आधी, अन्यथा भाडं परत आणि पर्यायी तारीख’ एवढी ओळ जोडली तरी निम्मी भांडणं मिटतील.

दुसरी गरज छोट्या रंगमंचाची. शहरात महापालिकेचे दहा झोन आहेत. पटसंख्या घटून बंद पडलेल्या मनपा शाळेतला एखादा हॉल मिळाला तर नवी इमारत नको. 30 बाय 40 फुटांची खोली, 14 फूट उंची, वर दिवे टांगायला चार-चार फुटांवर दीड इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपची जाळी, चारही बाजूंना जाड काळे पडदे, बाहेर उघडणारे दोन दरवाजे, सव्वाशे सुट्या खुर्च्या. पूर्वी एक किलोवॅटचे वीस हॅलोजन म्हणजे नुसत्या दिव्यांचा भार 20 किलोवॅट होता. आता 200 वॅटचे सोळा एलईडी सव्वातीन किलोवॅटमध्ये भागतात.

मात्र अडकतं ते हवेवर. नागपूरचा मे महिना आणि सव्वाशे माणसं. खिडकीत डेझर्ट कूलर बसवला की संवाद संपले. पंखा बाहेर छतावर आणि आत कापसाचं अस्तर लावलेला डक्ट, तेव्हा कुठे आवाज दबतो. पावसाळ्यात कूलर निरुपयोगी, आणि छत टिनाचं असेल तर सरीच्या आवाजात प्रयोगच थांबवावा लागतो. म्हणून शाळा निवडताना आधी वर बघावं. स्लॅब नसेल तर पुढची शाळा.

ही जागा संस्थेला भाडेपट्ट्याने मागू नये. कलम 79 प्रमाणे पट्टा बाजारभावापेक्षा कमी दराने देता येत नाही, आणि फाइल तिथेच झोपते. हॉल महापालिकेकडेच ठेवून तारखा वाटणं सोपं.

उघड्यावरच्या कार्यक्रमांचं गणित वेगळं. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. बारापर्यंतची सवलत वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस, आणि त्यातले बहुतेक गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या आणि 31 डिसेंबरमध्येच जातात. बंदिस्त सभागृहाला ही वेळेची अट नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या रात्रभर चालणाऱ्या प्रयोगासारखं काही नागपुरात करायचं म्हटलं तर अडचण इथे येते. वडसा भागातल्या या मंडळ्यांना शेतातल्या मंडपात कधी महापालिका लागली नाही, हा भाग निराळा.

मारबतीला, म्हणजे वाईट गोष्टी गावाबाहेर घालवण्यासाठी पुतळ्यांची जी मिरवणूक निघते तिला, तर अनुदानाचीही गरज नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इतवारी-महालच्या गल्ल्यांतून मिरवणूक जाते, तेव्हा लोंबत्या तारा वर बांधलेल्या हव्यात, खड्डे बुजलेले हवेत आणि वाहतूक कुठून वळवणार हे आठ दिवस आधी कळायला हवं. हे विद्युत, बांधकाम आणि वाहतूक विभागाचं काम, सांस्कृतिक विभागाचं नव्हे.

आणि मागणी कोणतीही असो, ती मार्चमध्ये नेऊ नका. आयुक्तांचा अर्थसंकल्पी अंदाज तयार होऊन स्थायी समितीकडे जाण्याआधी, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये झोनच्या सहायक आयुक्तांकडे लेखी द्या, लेखाशीर्षाचं नाव आणि रकमेसकट. पोच घ्या.