नार्व्याच्या धक्क्यावर

सायबाच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या आणि ओल्ड गोव्यात ज्याचं शव जपलंय त्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला सावंतवाडीहून चालत ओल्ड गोव्याला निघणारे बहुतेक बांदा-म्हापसा रस्ता धरतात. आम्ही यंदा दोडामार्गावरून उतरलो. हायवेला ट्रक फार, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला डिचोली बघायची होती.

पहिल्याच दिवशी नव्या बुटांनी टाचा सोलल्या. सोबतची मावशी अनवाणी, तरी पुढे. मागे वळून म्हणाली, "नवस माजो नि फोड तुका रे!"

डिचोलीचं वेड मातेउश द कास्त्रुमुळे. मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावरच्या नावेलीतला हा मुलगा. गोव्याच्या आर्चबिशपने त्याला पाद्री करायला नकार दिला, तर पठ्ठ्या थेट रोमला गेला. तिथे १६२२ साली प्रोपगांडा फिदे ही मिशनांचा कारभार बघणारी संस्था निघाली होती. तिच्या आधाराने तो पाद्री झाला आणि १६३७ साली बिशपही. लॅटिन पंथातला, म्हणजे रोमच्या रीतीने उपासना करणाऱ्यांतला, पहिला भारतीय बिशप. परतल्यावर पोर्तुगीज म्हणाले, इथले बिशप नेमायचा हक्क आमच्या राजाचा, रोमचे कागद दाखवू नका. मग तो डिचोलीत राहिला. तेव्हा तिथे आदिलशाही होती. स्वतःचा गाव नदीपलीकडे, आणि तिथे त्याला बिशप मानायला कोणी तयार नाही.

संत-बिंत नव्हता हो, चांगलाच भांडखोर. १६५३ साली पोर्तुगिजांविरुद्ध खरमरीत लिहिलं, तेही गोव्यातल्या ख्रिस्ती ब्राह्मणांना उद्देशून. आमच्यासारख्या कुळवाड्यांची आठवण त्याला झाली नसावी. तरी माझा जीव त्याच्यात अडकतो.

तिसऱ्या दिवशी दिवाडीसमोरच्या काठावरचं नार्वे. सप्तकोटेश्वराच्या देवळापाशी सावलीत बसलो. हा देवही मूळचा दिवाडीचा. पोर्तुगिजांनी तिथलं देऊळ पाडलं, लोकांनी त्याला नदीपार आणला, १६६८ साली शिवाजी महाराजांनी इथलं देऊळ बांधून घेतलं. ज्यांनी देवाला घालवलं त्यांनीच बिशपलाही, आणि दोघांना आसरा मिळाला तो एकाच काठावर. धक्क्यावर फेरीची वाट बघताना मी मावशीला हे सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

"मेलो खंय तो?"

"रोमात."

"म्हंजे गोंयचो रोमात, नि भायलो गोंयात!" सायबाला भायलो, म्हणजे बाहेरचा, म्हटल्याबद्दल तिने घाईने खुरीस, म्हणजे क्रूसाची खूण, काढला. तेवढ्यात फेरी लागली. मी बूट हातात घेतले.