पोरांची आइस हॉकी, सध्या चाकांवर

पाऊस ओसरला, मुलुंडच्या आमच्या सोसायटीचं पोडियम कोरडं झालं आणि रविवारचा सराव पुन्हा रुळावर आला. ओल्या फरशीवर इनलाइन स्केट्स (एका रांगेत चाकं असलेले बूट) सटकतात, बेअरिंगमध्ये पाणी गेलं की गंज चढतो. म्हणून पावसाळाभर क्लबहाउसमध्ये बूट घालून फक्त स्टिकचं काम केलं.

ते फळाला आलंय. मुंबईची पोरं स्टिक हातात आली की बॅटच धरतात: डावा हात वर, उजवा खाली, दोन्ही चिकटून. वरचा-खालचा हात बदलायला मी सांगत नाही, कारण उजव्या बॅटरची ही पकड म्हणजे हॉकीतला राइट शॉटच, म्हणजे उजव्या बाजूने मारणाऱ्याची पकड. हात मात्र एकमेकांपासून लांब हवेत. स्टिक वळवायची वरच्या हाताने. खालचा आधाराला आणि शॉटमध्ये जोर लावायला. दुसरीतल्या एका चिमुरडीचा खालचा हात सारखा वर सरकायचा. तिच्या स्टिकवर वरच्या मुठीपासून कोपरभर खाली लाल टेप गुंडाळली. आता बोटांना टेप लागली की हात तिथेच थांबतो आणि नजर समोर राहते. परवा तिने झकास बॅकहँड पास दिला! शाळेत मैदानी हॉकी खेळणारा तिचा दादा म्हणाला, "फाउल!" त्याच्या खेळात स्टिकची उलटी बाजू चालत नाही, आइस हॉकीत स्टिकच्या पात्याच्या दोन्ही बाजू चालतात. हे कळल्यापासून तोही रोज खाली येतो.

आइस हॉकीत चेंडूऐवजी पक, म्हणजे चपटी रबरी चकती असते; खडबडीत काँक्रीटवर पक उभा राहून घरंगळतो, म्हणून स्केट्सवर चेंडू आणि क्लबहाउसच्या लादीवर पक. खरा पक १५६ ते १७० ग्रॅमचा, चिमुकल्या मनगटांना जड. लहानांसाठी साधारण ११३ ग्रॅमचा निळा पक मिळतो, तोच घ्या.

पालकांची पहिली शंका धक्काबुक्कीची असते. अमेरिकेत बारा वर्षांखालच्या गटात अंगावर जाऊन धडक देणं नियमातच बसत नाही आणि आठ वर्षांखालच्यांचे सामने रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, आडव्या रुंदीत होतात. जागा कमी, म्हणून प्रत्येकाला पक जास्त वेळा मिळतो. आम्हीही दोन खांबांमधल्या जागेत तिघांविरुद्ध तिघे खेळतो, चपलांचे गोल मांडून. मुलींना आइस हॉकीच्या २०२५च्या आशिया कपमध्ये भारताच्या महिला संघाने कांस्य मिळवल्याचं सांगितलं, तेव्हापासून गोलकीपर व्हायला रांग लागलीये.

पडणं-उठणं सगळ्यांना जमलंय: एक गुडघा टेकलेला, दुसरा उभा, दोन्ही हात त्या उभ्या गुडघ्यावर, आणि वर. वळणंही सुधारली. राहिलंय ते थांबणं. हॉकी स्टॉपमध्ये, म्हणजे स्केट्स आडवे वळवून थांबताना, स्केटचं पातं बर्फ खरवडत घसरतं. चाकं मात्र काँक्रीट पकडून ठेवतात आणि पोर तोंडावर आपटतं, म्हणून इथे मागचा पाय घासत थांबणं एवढंच शिकवतो. उरलेलं खऱ्या बर्फावर. दिवाळीच्या सुट्टीत देहरादूनच्या हिमाद्री रिंकवर न्यायचा बेत आहे; पहिला तास स्टिक बाजूला आणि नुसतं थांबायचं, डावीकडे आणि उजवीकडे.