वरची मोरी, खालचं छत

"वरच्यांच्या बाथरूममधून आमच्याकडे गळतं. ते म्हणतात आमचं नाहीच. आता बोलणंही बंद आहे. कमिटीने हे मिटवायचं कसं?" सोसायटीच्या कामात असलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

पहिली चूक होते ती दोघांना लगेच ऑफिसात समोरासमोर बसवण्याची. पाणी कुठून येतंय हेच ठरलेलं नसतं, तेव्हा बोलायला आरोपच उरतात. मग पाच वर्षांपूर्वीचा चपलांचा स्टँड निघतो, बाल्कनीतल्या ओल्या कपड्यांचं ठिबकणं निघतं. आधी दोन्ही घरी वेगवेगळं जाऊन अर्धा-अर्धा तास ऐकून या. जाणारी माणसं दोन असावीत, त्याच मजल्यांवरची नसावीत, आणि सेक्रेटरी तर नकोच; उद्या नोटीस पाठवायची वेळ आली तर सही त्याचीच लागते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर छताचे फोटो टाकणं दोघांनीही थांबवायचं, एवढी एकच अट त्या दिवशी घाला.

मग तपासणी. ती दोघांच्या देखत, दोघांनाही चालेल अशा प्लंबरकडून. गळती कधी होते हे आधी विचारा. फक्त पावसात आणि बाहेरच्या भिंतीकडून असेल तर वरच्यांचा बहुधा संबंध नाही. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चाची, फ्लॅटच्या आतली सभासदाची. अर्धी भांडणं इथेच कमिटीच्या अंगावर येतात, म्हणून काही कमिट्या हा प्रश्न विचारतच नाहीत!

दिवसरात्र सारखं ठिबकत असेल तर भिंतीतला नळाचा पाइप संशयित. वरच्या बाथरूमचा कॉक रात्रभर बंद ठेवा. सकाळी ठिबकणं थांबलं किंवा बरंच कमी झालं तर उत्तर मिळालं. आंघोळीनंतर वाढत असेल तर फरशी नाहीतर नहाणी ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा, पाणी वाहून जायचा भाग. ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करा, फरशीवर इंचभर पाणी साठवा, पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि चोवीस तास थांबा. त्याआधी खालच्या छतातल्या दिव्याचं बटण नव्हे, त्या लाइनचा एमसीबी, म्हणजे मीटरच्या बोर्डावरचा खटका, बंद करा. पाणी साठलेलं असताना खाली ओल वाढली तर फरशीचं वॉटरप्रूफिंग गेलंय. तेव्हा काही झालं नाही, पण बोळा काढून पाणी सोडल्यावर ठिबकलं, तर ट्रॅपचा सांधा किंवा त्याखालचा पाइप.

पाण्यात रंग टाकण्याची पद्धत लोकांना फार आवडते. माझा तिच्यावर भरवसा कमी. फरशीखालच्या कोब्यातून रंग झिरपायला कित्येक दिवस लागू शकतात, कधी तो खाली पोचतच नाही. "बघा, रंग आला नाही" म्हणून वरचे सुटले असं होत नाही. शिवाय पांढऱ्या टाइल्सच्या फटी लाल झाल्या की नवीन भांडण.

निदान कागदावर लिहिताना "अमुक यांच्या निष्काळजीपणामुळे" असं लिहू नका. "नहाणी ट्रॅपच्या सांध्यातून गळती दिसली", बस. सही करताना हात अडतो तो अशा एखाद्या शब्दापाशी.

आता एकत्र बसवा. वरचे पैशांसाठीच अडून बसलेत असं खालच्यांना वाटत असतं. पुष्कळदा खरी अडचण वेगळी असते: घरात एकच बाथरूम, म्हातारं माणूस, आणि फरशी फोडली की आठ-दहा दिवस जायचं कुठे? तशा टाइल्सही आता मिळत नाहीत. हे वेगळ्या भेटीत कळलेलं असेल तर तोडगा काढता येतो. फक्त फटी उघड्या पडल्या असतील तर आधी ग्राउटिंग करून, म्हणजे त्या फटी भरून, बघायचं, फोडाफोड नंतर. फोडावंच लागलं तर घर गावाला जाणार असेल त्या आठवड्यात. तेवढे दिवस रिकाम्या फ्लॅटची किंवा खालच्यांच्याच दुसऱ्या बाथरूमची सोय होते का, हेही विचारावं. खालचे स्वतःहून हो म्हणाले तर पुढचं सगळं सोपं जातं. पाणी तोडण्याची धमकी मात्र कुणीही, गमतीतसुद्धा, द्यायची नाही. वरचे तपासणीलाच दार उघडत नसतील तर मध्यस्थांनी बाजूला व्हावं आणि कमिटीने रीतसर नोटीस काढावी.

ठरलं ते एका पानावर: काम कोणतं, कोटेशन कुणाचं, पैसे कोण कधी देणार, सुरू आणि पूर्ण होण्याची तारीख, नवीन टाइल्स बसवण्याआधी पुन्हा पाणी साठवून चाचणी, आणि खालच्या छताचं प्लास्टर-रंग कुणाच्या खर्चाने. हे शेवटचं कलम सगळे विसरतात.

आणखी एक गोष्ट त्याच पानावर हवी. काम झाल्यावरही कोब्यात मुरलेलं पाणी काही आठवडे खाली उतरत राहतं. हे आधी सांगितलं नाही तर पंधराव्या दिवशी "काम केलंच नाही" म्हणून दार वाजतं. त्यासाठी काम संपेल त्या दिवशी छतावरच्या ओलीच्या डागाभोवती पेन्सिलने रेघ ओढा, शेजारी तारीख टाका. दर आठवड्याला बघा. डाग रेघेबाहेर गेला तर प्लंबर परत बोलवायचा, आत आत सुकत चालला तर थांबायचं. पूर्ण सुकेपर्यंत रंग लावू नका, पोपडे पुन्हा धरतात.