मधला गंधार

रविवार, ६ जुलै

आज आषाढी एकादशी. सरावाला पोचल्या पोचल्या चेलोच्या आईनं हातात खिचडीची बशी ठेवली. तुपाच्या बोटांनी तारांना हात लावायचा नाही, म्हणून नंतर चौघंही बेसिनपाशी रांगेत. आम्ही एकमेकांना नावानं हाक मारणं कधी सोडलं ते आठवत नाही. ज्याचं वाद्य तेच त्याचं नाव: पहिल्या व्हायोलिनवरचा पहिला, दुसऱ्या व्हायोलिनवरची दुसरी, चेलो आणि मी व्हियोला. पहिला मायक्रोबायोलॉजीचा, दुसरी अर्थशास्त्राची, चेलो लॉचा, मी स्टॅटिस्टिक्सची. आमच्या विभागांत कुणालाही विचारा, आम्ही ‘ऑर्केस्ट्रात’ आहोत. आणि पुण्यात ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोकांना निवेदक आणि जुनी हिंदी गाणी आठवतात. त्यामुळे “एक गाणं होऊन जाऊ दे” हे ओघानं येतंच.

विद्यापीठात सरावाला जागा मागितली होती. अर्ज, त्यावर विभागप्रमुखांची सही, त्यावर आणखी एक सही, आणि शेवटी खिडकीतल्या गृहस्थांचा प्रश्न, “चौघंच ना? मग घरी वाजवा की.” तणतणत बाहेर पडलो. पण खरं सांगायचं तर गृहस्थ अगदीच चुकीचं बोलले नव्हते. क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेली रचना, हा प्रकार मुळात घरात बसून वाजवायचाच. युरोपातल्या हायडन या संगीतकारानं अशी ६८ लिहिली, त्यातली बरीचशी कुणाच्या ना कुणाच्या दिवाणखान्यासाठी. आपल्याकडच्या घरगुती बैठकीसारखंच. फक्त बैठकीत गवई एक आणि बाकीचे साथीला, इथे चौघं सारखे. निदान कागदावर तरी.

कारण पहिल्याकडे धून असते. चेलोकडे पाया. दुसरी पहिल्याच्या सावलीत असली तरी तिच्या हातात व्हायोलिन तरी आहे. आणि मी? एकच सूर, आठ-आठ बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक घर), भरीला. व्हियोला मी हौसेनं घेतलेला नाही. व्हायोलिनवाले आम्ही तिघं होतो आणि व्हियोलावालं कुणीच नव्हतं. कॅम्पातल्या सरांनी तिघांचे पंजे पाहिले, माझी बोटं लांब निघाली, विषय संपला. व्हायोलिनहून आकारानं मोठा, पंचमानं खाली मिळवलेला, आणि सगळ्यात जाड तार तर गज टेकवल्यावर जरा विचार करून बोलते. त्याची क्लेफही, म्हणजे कुठल्या रेषेवर कुठला सूर वाचायचा ती खूण, वेगळी. माझा कागद आमच्यातल्या दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही, म्हणजे चुकले तरी पकडायला कोणी नाही. एवढाच काय तो फायदा.

घरी आल्यावर आईनं विचारलं, “मग तुझं असं वेगळं कधी ऐकू येणार?” आजी दाण्याचे लाडू वळत होती. वर न बघता म्हणाली, “मी भजनी मंडळात वीस वर्षं मागेच म्हणते. घसा बसत नाही.”

गुरुवार, १० जुलै

गुरुपौर्णिमा. संध्याकाळी सदाशिव पेठेत गुरुजींकडे गेले. सोबत व्हियोला नेला होता आणि जिना चढताना पोटात गोळा आला होता. बारा वर्षं त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आहे. व्हायोलिनचं डोकं उजव्या घोट्यावर, तारा षड्ज-पंचमात. खुर्चीवर बसून हनुवटीखाली वाद्य धरते, हे त्यांना फोनवर सांगितलं होतं. दाखवलं नव्हतं.

त्यांनी व्हियोला मांडीवर घेतला, घोट्यावर टेकवून पाहिला, तो काही नीट बसेना. मग चारही तारा बोटानं छेडल्या. “खर्ज चांगला आहे.” एवढंच बोलून परत दिला. “वाजव.”

मी द्वोर्झाक या चेक संगीतकाराच्या बाराव्या क्वार्टेटची सुरुवात वाजवली. सरांनी हे क्वार्टेट निवडलं ते माझी समजूत काढायला, असा मला दाट संशय आहे. १८९३ सालचं. द्वोर्झाक तेव्हा न्यूयॉर्कच्या कॉन्झर्व्हेटरीचा संचालक होता आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आयोवातल्या स्पिलव्हिल नावाच्या खेड्यात जाऊन राहिला होता. तिथे चेक लोकांची वस्ती. बऱ्याच दिवसांनी आपली भाषा कानावर पडली असणार. गडी इतका खुलला की ८ जूनला लिहायला बसला आणि २३ जूनला क्वार्टेट पुरं. तरुणपणी त्यानं प्रागच्या नाटकगृहातल्या वाद्यवृंदात कित्येक वर्षं व्हियोला वाजवून पोट भरलं होतं. ते त्यानं लक्षात ठेवलं असावं, कारण दोन्ही व्हायोलिनं नुसती कुजबुजत राहतात, चेलो खाली सूर धरतो, आणि तिसऱ्या बारला पहिली धून येते ती व्हियोलावर. मग पहिला लगेच ती वरच्या सप्तकात पळवतो, ते सोडा.

मजा अशी की त्या धुनेत पाचच स्वर आहेत. एफचा षड्ज धरला तर सा रे ग प ध. पांढरी चारचा भूप!

गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. “स्वर भूपाचे आहेत. भूप नाही.” थोड्या वेळानं हसले. देशकार रागाचेही स्वर तेच. “देशकार आहे का, ते तुझ्या त्या बुवालाच विचार.” मग एकदम म्हणाले, “गंधार कुठून घेतेस?”

“पहिलं बोट.”

“बोट नाही विचारलं.”

कोपऱ्यातला तंबोरा उचलून त्यांनी छेडला आणि मांडीवर बोट ठेवून गप्प बसून राहिले. खर्जाची तार विरत जाताना तिच्या पोटातून गंधार येतो. कुणी न वाजवलेला, स्वयंभू. लहानपणी तो ऐकू येईपर्यंत ते मला घरी सोडत नसत. आज पेढा देऊन सोडलं.

शुक्रवार, १८ जुलै

पाऊस, पाऊस, पाऊस. लाकूड फुगलंय, खुंट्या हलता हलत नाहीत आणि हलल्या की दोन सूर पुढे जातात. चेलोच्या वाद्याची कड एका बाजूनं सुटली. ओल्या हवेत सरस सैल होतो म्हणे. रिक्षावाल्यानं आधीच त्या वाद्यामुळे दोन माणसांचे पैसे लावले होते, आता दुरुस्ती.

चेलोचं घर डीपी रोडला आणि खाली नदीपात्रात सात वाजता ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू होतो. गणपती महिन्यावर आलेत. आम्ही इकडे ‘अगदी हळू’ असं लिहिलेल्या जागी श्वास रोखून बसतो आणि तिकडून चाळीस ढोल. आमच्यात तबला नाही, सम दाखवायला कुणी नाही. पहिला नाकातून श्वास ओढतो, त्या श्वासावर उठायचं. ढोलात श्वास कसला ऐकू येतोय! आज त्याच्या भुवईकडे बघून उठलो. शेवटी सरांनी फोनवर रेकॉर्डिंग ऐकलं आणि म्हणाले, “लय छान आहे. पण ती खालच्या पथकाची आहे.”

त्यात दुसरी स्वतःच एका पथकात. डाव्या हातानं थापी देऊन देऊन पंजा सुजलाय, बोटांना पट्ट्या, आणि नेमका तोच हात व्हायोलिनच्या पट्टीवर. मी काही बोलले नाही. मिरवणुकीत बारा तास ढोल वाजवणारी मुलगी आमच्याकडे येऊन दोन-दोन मिनिटं सावलीसारखी वाजवते, याचं मला उलट कौतुकच वाटतं. पहिल्याला वाटत नाही. तिघांना बाहेर काढून त्यानं दार लावून घेतलं आणि एकटाच तिसऱ्या भागातला पक्ष्याचा आवाज घासत बसला. स्पिलव्हिलच्या झाडीतला कुठलासा पक्षी द्वोर्झाकला छळत होता, त्यानं तो क्वार्टेटमध्येच घालून टाकला. आम्ही जिन्यात बसून भजी खाल्ली.

रविवार, २७ जुलै

आज सर आले होते. सगळा सराव एका कॉर्डवर, म्हणजे चौघांनी एकदम धरलेल्या सुरांवर गेला. अक्षरशः एका.

चेलोकडे सा, दुसरीकडे प, पहिल्याकडे वरचा सा, माझ्याकडे ग. यापेक्षा सोपं काय असणार? पण सर मान हलवत राहिले. “आंबट लागतंय.” पहिला म्हणाला, व्हियोला उतरतोय. त्यानं फोनवरचा ट्यूनर माझ्यासमोर धरला आणि खरंच काटा डावीकडे. मी बोट सरकवलं. काटा मधोमध आला, हिरवा दिवा लागला. परत चौघांनी वाजवलं. हिरवा दिवा आणि कॉर्ड गढूळ. जुना पंखा फिरताना डोलतो तसा आतून डोलत होता.

सरांनी फोन उपडा ठेवला. चेलोला एकट्याला एफ धरायला सांगितला, लांब गज, कंप न देता. मला म्हणाले, तुझा सूर शोध, घाई नको. मी डोळे मिटले. चेलोचा एफ जुना झाला, खोलीत भरला, आणि मला एकदम सदाशिव पेठेतला कोपरा दिसला. सूर शोधायचाच नव्हता. तो चेलोच्या पोटात आधीच होता. बोट रेसभर खाली घेतलं. डोलणं हळूहळू मंदावत गेलं आणि थांबलं. थांबलं त्या क्षणी माझ्या हनुवटीखालचं लाकूड गुणगुणायला लागलं. मग पंचम आला, वरचा षड्ज आला, आणि चार जणांचा आवाज असा वाटेचना.

सर म्हणाले, “हां. हे कुठे शिकलीस?”

“सदाशिव पेठेत.”

ट्यूनर खोटं बोलत नव्हता. तो पियानोचा, हार्मोनियमचा गंधार दाखवत होता. लागोपाठच्या दोन पट्ट्यांत जेवढं अंतर, त्याच्या साधारण सातव्या हिश्शाइतका तो चढा असतो. एकट्यानं वाजवला तर कळतसुद्धा नाही. खाली लांब षड्ज धरला की खुपतो.

मी जरा चेकाळलेच. मग पुढच्या भागात तोंडावर आपटले. दुसरा भाग डी मायनरमध्ये. तिथे माझा तोच ए, म्हणजे मघाचा ग, तीच जागा, तेच बोट, आणि तो गंधार नाहीच, पंचम आहे! उतरवून ठेवला तर पडतो. बारा वर्षांत माझा षड्ज जागचा हलला नव्हता, तंबोरा मागे असायचा. इथे षड्ज चार बारांनी उठून दुसऱ्याच घरी राहायला जातो. दर वेळी विचारायचं, बाबा, आता तू कुठे आहेस? धून असणाऱ्याला हे विचारायची फारशी गरज पडत नाही, तो आपल्या वाटेनं जातो. भरीचे सूर ज्याच्याकडे, त्याला मात्र सारखं विचारत राहावं लागतं. गेले दोन महिने मी माझा कागद बार मोजत वाजवत होते. कॉर्डमधली माझी जागा कोणती, हे एकदाही पाहिलं नव्हतं.

रात्री बसून संपूर्ण पहिल्या भागावर शिसपेन्सिलीनं सा-ग-प लिहिलं. तीन वाजले. उद्या सॅम्पलिंगची असाइनमेंट द्यायची आहे.

रविवार, १० ऑगस्ट

झाला एकदाचा कार्यक्रम. कॅम्पातला एक लहानसा हॉल, लाकडी फरशी, पन्नास-साठ माणसं. त्यात नातेवाईक निम्मे. तिसऱ्या बारला माझी जाड तार नेहमीसारखी विचार करत बसली, म्हणून मी गज केसभर आधीच लावला होता. धून बरी आली. मग पहिल्यानं पळवली. मधल्या भागात पानं उलटताना चेलोचा कागद खाली पडला आणि त्यानं दहा-बारा बार आठवणीवर काढले. चेहऱ्यावर रेष नाही. वकील होणार हा.

पहिल्या भागाचा शेवट मला नीट आठवत नाही. एवढंच आठवतंय की ग लावला आणि हलवावा लागला नाही.

नंतर चहाच्या टेबलापाशी आई कौतुक करत होती, सुरुवातीचं तुझंच होतं ना, ओळखलं मी. आजी काठी टेकत माझ्यामागून स्टेजपर्यंत आली. खुर्च्यांच्या मागे वाकून बघितलं, पडद्याकडे बघितलं.

“काय शोधतेस?”

“तुमच्यात तंबोऱ्यावर कोण बसलं होतं ग? दिसलं नाही मला.”

मी चेलोकडे बोट दाखवलं. मग माझ्याकडे. तिला काही पटलं नाही. तेवढ्यात दुसरीचा मेसेज आला, उद्याचा सराव साडेआठला ठेवा, पथकात नवीन हात बसवतायत, आणि कुणाकडे चिकटपट्टी असेल तर घेऊन या.